घोडीचे ठोके

३ फेब्रुवारी, सोमवार

लेकीने यंत्र पूर्ण केलं. खोगिराच्या पट्ट्याखाली बसतं, घोडीच्या काळजाचे ठोके मोजतं. इंजिनिअर व्हायचंय, त्याची ही सुरुवात म्हणे. गेल्या वर्षापर्यंत पाहुणे आले की दाराआड जायची ही मुलगी. आज रायडिंगच्या मास्तरांना म्हणाली, "थांबा जरा, आकडे स्थिर होऊ देत." मास्तर थांबले! मला म्हणाले, "ताई, लगाम घोडीला नको, हिलाच घाला."

६ फेब्रुवारी, गुरुवार

आलेख विचित्र आहे. चालीत घोडीचे ठोके साठ-पासष्ट. मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात एकदम एकशे वीस. प्रत्येक फेरीत, तिथेच.

मास्तर म्हणाले, "घोडं कशालाही बुजतं."

"कशालाही म्हणजे नक्की कशाला?" ही अडून बसली. रविवारी सोळा तारखेला तिची अडथळ्याची परीक्षा, आणि अडथळा त्याच कोपऱ्यात आहे. आजवर ती तिथे दर वेळी आयत्या वेळी लगाम ओढते.

९ फेब्रुवारी

पाण्याचं पिंप हलवलं. तारेत अडकलेली चिंधी काढली. फेरीची दिशा उलटी केली. फरक शून्य.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना म्हणाली, "आई, सगळं काढून पाहिलं. आता एकच गोष्ट उरलीय. रागावू नकोस. तू."

खरंच आहे. मी रोज त्याच कोपऱ्यात कुंपणाशी उभी असते. पडली तर आधी मी पोचेन म्हणून. माझीच भीती घोडीपर्यंत पोचत असेल का? आणि लेकीपर्यंत?

उद्या घरीच राहायचं ठरलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारभर कपाट आवरलं. संध्याकाळी ती उड्या मारत आली. "आलीस ना शेवटी! तू दिसलीस आणि मी लगाम ओढलाच नाही. पार केला अडथळा! ठोके वाढलेच, पण वाढू देत."

मी म्हणाले, "हो, राहवलं नाही."

का म्हणाले? तिचा चेहरा पाहून. एरवी खोटं मला पचत नाही.

१३ फेब्रुवारी

मास्तरांना फोन केला. "काल दिसला नाहीत, ताई. बरं आहे ना?" त्यांना कोपऱ्यात कुणीच दिसलं नव्हतं.

मी घरीच होते. कपाटाचे चारही कप्पे लावलेले आहेत. तरीही दोनदा उघडून पाहिले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिच्या प्रयोगात मी खोटी नोंद घातली. तिच्या लेखी हे चोरीहून वाईट. पण आज खरं सांगितलं तर उद्या ती उडी मारेल? आणि सांगायचं तरी काय — की तुला धीर दिला तो कुणी, मला ठाऊक नाही?

परीक्षेनंतर सांगेन. ही माया की भित्रेपणा, ठरवता येत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सर्वांच्या आधी जाऊन कोपरा अडवून उभी राहिले. तिथे दुसऱ्या कुणाला जागाच उरू नये म्हणून. ऊन होतं, तरी पाठ गार पडली होती. मागे वळून पाहिलं नाही. घोडी जवळ येताना तिचे कान ताठ, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. लेक मात्र हसत होती. स्वच्छ उडी मारली. मास्तर टोपी काढून म्हणाले, "आता मला शिकव बाई."

१७ फेब्रुवारी

खरं सांगितलं. ती तारा जोडत होती, मान वर न करता म्हणाली, "कालच कळलं गं, दोघी दिसलात तेव्हा. तुला भीती वाटेल म्हणून बोलले नाही. ती काल पण होती, तुझ्या मागे. मी तिच्याकडेच बघत आले. अगदी तुझ्यासारखी दिसते — फक्त घाबरलेली नसते."