तुमच्या भगिनीचं डोकं आणि माझी उत्तरं

मु. पो. निघोजे, तालुका खेड
मंगळवार, ता. ९ एप्रिल १९५७

वडीलधारे अर्जुनराव पाहुणे यांस निघोज्याहून दौलतरावाचा हात जोडून रामराम. मातोश्रींच्या पायांवर डोकं. (त्यांचे गुडघे आता बरे असावेत. नसतील तर एरंडाचं पान तापवून बांधा; पण माझ्या सल्ल्यानं काही करण्याआधी हे पत्र पुरतं वाचा.) वहिनी, मुलंबाळं, दोन्ही बैल आणि विहिरीवरचं नवं इंजिन, सगळे खुशाल असतील अशी आशा आहे. इकडे मी खुशाल आहे. दरवेळी आपण 'इकडील सर्व खुशाल' असं लिहितो. या खेपेला मी माझ्या एकट्यापुरतंच लिहिलंय, हे तुमच्या ध्यानात आलं असेल.

खरं तर तारच करणार होतो. चाकणच्या पोस्टापर्यंत गेलोही होतो. पण तुमच्या आळीत तार आली की पाकीट फोडायच्या आधी बायका गळा काढतात, आणि मातोश्रींचं वय पाहता तो धोका नको वाटला. शिवाय तारेत शब्द तोलूनमापून घालावे लागतात, आणि ते काम माझ्या हातून होत नाही हे तुम्ही बावीस वर्षं पाहताय. आमचा शेजारी कोंडाजी लेकीला भेटायला तुमच्या नारायणगावला निघालाय, उद्याच परततो; त्याच्या हाती हे पत्र देतोय. तुमच्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं त्याला तीनदा बजावलंय.

विषय तुमच्या भगिनीच्या डोकेदुखीचा आहे. पण त्याआधी माझ्या जिभेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण दुखणं तिचं असलं तरी दोष माझ्या जिभेचा आहे. आमच्या गावात कुणाला कचेरीत जायचं असलं की मला पुढं घालतात. मामलेदारानं कोंडाजीला त्याचं नाव विचारलं तर ते मी सांगतो. कुणाच्या शेताची हद्द, कुणाच्या म्हशीचं वय, कुणाच्या सासऱ्याची मरणतारीख, विचारणाऱ्यानं तोंड उघडायचा अवकाश की माझं उत्तर तयार. तुमच्याकडे मुलगी बघायला आलो तेव्हाही तेच. माझ्या काकांनी तिला नाव विचारलं, ती लाजून गप्प राहिली, तर मीच मोठ्यानं 'शालन' म्हणून मोकळा झालो. सगळी बैठक हसली. तेव्हाच तुमच्यापैकी कुणी माझ्या थोबाडीत दिली असती तर फार बरं झालं असतं.

तर संक्रांतीच्या सुमारास तिचं डोकं दुखायला लागलं. डोकं काय, सगळ्यांचंच दुखतं. माझं तर पंचायतीच्या दर बैठकीनंतर दुखतं. म्हणून मी लक्ष दिलं नाही. आमच्या गल्लीतल्या सोजराबाईंनी सुंठ उगाळून कपाळाला लेप दिला, मग मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली, मग कपाळाला फडकं इतकं आवळून बांधलं की तुमच्या भगिनीच्या भुवया वर चढल्या आणि तिचा चेहरा पंधरा दिवस आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता. पुढे सोजराबाईंनीच तिला एकदा पहाटे गोठ्यामागं ओकताना पाहिलं, आणि दुपारपर्यंत गावभर झालं की दौलतरावाच्या घरी चाळिशीत पाळणा हलणार. पाहुणे, लिहायला लाज वाटते, पण मी ते ऐकून आठ दिवस फेटा जरा तिरपा बांधत होतो. लोकांनी थट्टा केली तर मी मिशीतल्या मिशीत हसायचो. ती पहाटे का ओकते, हे तिला विचारावं असं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

नंतर पाळण्याचं काही खरं नाही असं कळलं तेव्हा मी तिला चाकणच्या डॉक्टरांकडे नेलं. सज्जन गृहस्थ आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, बाई, कधी दुखतं? आता नवरा शेजारी बसलेला असताना बाई परक्या पुरुषाशी कशाला बोलेल? ती पदर पुढं ओढून खाली बघत राहिली. मी सांगितलं, संध्याकाळी. (कारण मी संध्याकाळी घरी येतो, आणि कपाळाला हात लावून बसलेली मला ती तेव्हाच दिसते.) डॉक्टरांनी विचारलं, उलटी होते का? मी म्हटलं, मध्यंतरी झाली होती, पण तो वेगळा घोटाळा होता. दिसायला काही त्रास? छे, सुईत दोरा एका झटक्यात ओवते. (हे मी वीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं.) दिवसेंदिवस वाढतंय का? नाही, तिला थोडी कुरकुरीची सवय आहे. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं, पित्त ठरवलं, आणि गुलाबी औषधाची बाटली दिली. त्या उत्तरांवरून दुसरा कुणी काय ठरवणार होता?

बाटल्या तीन संपल्या. मग कुणीतरी म्हणालं, डोळ्यांमुळं डोकं दुखतं, चष्मा करा. म्हणून बैलगाडी जोडून चिंचवडला चष्मेवाल्याकडे गेलो. त्यानं भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि तुमच्या भगिनीला खुर्चीवर बसवून म्हणाला, वाचा. तिला अक्षरओळख नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, आणि चारचौघांत ते सांगायला मला संकोच वाटला. म्हणून मी तिच्या मागं उभं राहून वरपासून खालपर्यंत तक्ता घडाघडा वाचून दाखवला. खालच्या दोन ओळी अडल्या, तेव्हा त्यानं वेगवेगळी भिंगं पुढं केली. ती मी आधी स्वतःच्या डोळ्यांना लावून बघत होतो, तिला उगाच त्रास नको म्हणून. पाचव्या भिंगाला शेवटची ओळ लख्ख दिसली. तोच नंबर तिच्या चष्म्यात घातला. तिनं तो सव्वा महिना निमूटपणे वापरला, आणि डोकं जास्तच दुखतं हे एका शब्दानं बोलली नाही. (हे पत्र मी तोच चष्मा लावून लिहितोय. मला उत्तम बसतो.)

यापुढचं जसं घडलं तसं लिहितो. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो असताना तिनं आमटी वाढली ती ताटात नाही, ताटाशेजारी जमिनीवर. मी ओरडलो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी पुन्हा ओरडलो, आणि म्हणालो की माहेरी लाडानं वाढवलेल्या बायकांचं असंच होतं. (तुमच्या घराविषयी बोललो, क्षमा असावी.) मग एकदा दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा धडकला, मग कपाळ, आणि गुढीपाडव्याला गुढी उभारताना ती उभ्या उभ्या डावीकडे कलली आणि अंगणात पडली. तेव्हा मात्र मी घाबरलो. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना झालाय ना, तिकडे एका दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझं बोलणं अर्ध्यात तोडलं. ते तिला म्हणाले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा. ती चार पावलं चालली असेल. त्यांनी तिथंच पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि उद्याच जा म्हणाले. मी म्हटलं, उद्या ऊस लावायचाय. ते म्हणाले, ऊस थांबेल.

पुण्याचे हे डॉक्टर फक्त डोक्याच्या आतलंच बघतात. वय झालेलं, आवाज बारीक. त्यांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, आणि सवयीप्रमाणे मी उत्तर दिलं. दुसरा विचारला, तेही मीच दिलं. तिसऱ्याला त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, डोकं तुमचं दुखतं का? मी नाही म्हटलं. मग बाहेर बसा, म्हणाले. आजवर मला मामलेदारानंसुद्धा बाहेर बसवलेलं नाही. आत नर्सबाई होत्या म्हणून मी बाहेर गेलो. पण दाराला नुसता पडदा होता, आणि माझे कान शाबूत आहेत.

आधी डॉक्टरांनी तिला काहीतरी विचारलं. मग तुमच्या भगिनीचा आवाज आला, आणि तो थांबेचना. बावीस वर्षांत ती माझ्यासमोर एका दमात एवढं बोललेली नाही. म्हणाली, दुखतं ते पहाटं, कोंबडं आरवायच्या आधी. दुखण्यानंच जाग येती. उठून बसलं की जरा हलकं होतं, वाकलं की फुटंल असं वाटतं. ओकारी रोजची हाय, मालकांची झोप मोडू नये म्हणून गोठ्यामागं जाते. डाव्या हातातली वस्तू कधी पडती ते कळत न्हाई. आणि सगळं दोन दोन दिसतं. ताटं दोन, दारं दोन. मालकबी दोन दिसत्यात, दोघंबी वरडत्यात, त्यातल्या कुणाकडं बघावं कळत न्हाई. यावर नर्सबाई हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, हे घरात कुणाला सांगितलंत? ती म्हणाली, कुनी इचारलं न्हाई.

पाहुणे, मी तिथं बाकावर बसून रडलो. फेट्याचं टोक तोंडात कोंबून रडलो, कारण शेजारी पेशंट होते.

मग डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत नेलं, बारीक दिव्यानं डोळ्यांत पाहिलं आणि मला आत बोलावलं. डोळ्यामागची नस सुजली आहे, आत मेंदूला लागून काहीतरी वाढतंय, असं म्हणाले. मी विचारलं, डोकं तर सगळ्यांचंच दुखतं, आम्हा खेडुतांना कळावं कसं? ते रागावले नाहीत. म्हणाले, वर्षानुवर्षं तसंच दुखणारं डोकं सहसा माणूस मारत नाही. पण चाळिशीत नव्यानं सुरू झालेलं, दिवसेंदिवस वाढणारं, पहाटे झोपेतून उठवणारं, ओकारी आणणारं, दृष्टी बिघडवणारं किंवा हातापायातली शक्ती नेणारं दुखणं घरात ठेवायचं नसतं. त्यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी मोठ्या डॉक्टरला गाठायचं. हिच्यात सगळीच होती, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणे, तुम्हीही तुमच्या गावात हे चारजणांना सांगा. वहिनींना तर आजच विचारा, आणि विचारल्यावर गप्प बसा.

आता उपाय एकच. मुंबईच्या इस्पितळात कवटी उघडून ऑपरेशन. दहातले पाच-सहा घरी परत येतात, म्हणाले. न केलं तर आधी डोळे जातील, मग बाकीचं. सोमवारी तिथं खाट मिळणार आहे. शनिवारपर्यंत हो की नाही कळवायचंय.

बाकी सर्व ठीक. ऊस लावून झाला. लोभ आहे तसाच ठेवा, निदान शनिवारपर्यंत तरी.

तुमचा अपराधी दाजी,
दौलतराव

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. डॉक्टरांनी तिला विचारलं, बाई, ऑपरेशन करायचं का? ती म्हणाली, मालकांना इचारा. घरी येऊन मी विचारलं, तर 'तुमी म्हनाल तसं'. चार दिवस रोज विचारतोय, रोज तेच. सगळ्या जगाची उत्तरं देणाऱ्या माणसाला हे एक उत्तर देता येत नाही, आणि मी दिलं तर ते पुन्हा चुकेल याची धास्ती वाटते. म्हणून हे एवढं लांबलचक लिहिलं. तुम्ही गुरुवारपर्यंत या. तिच्याजवळ बसून, तिला काय हवंय ते विचारा. मी मळ्यात जाऊन बसतो, घरात राहिलो तर मध्ये बोलेन. ती जे म्हणेल ते करू. ती तशी फार धीराची आहे, तिला भीती मुळीच नाही.

दुसरी ता. क. पाकीट बंद करण्याआधी तिनं विचारलं, एवढं काय लिवलंय? म्हणून सगळं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी हसली. वरची ता. क. वाचली तेव्हा मात्र तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ते शेवटचं खोडा. दादाला लिवा, मला लई भ्या वाटतंय."

खोडत नाही, तिचंच खाली लिहितोय. तिला फार भीती वाटते आहे. गुरुवारची वाट बघू नका, कोंडाजीबरोबरच निघा.