माकडशिंगीचा वास

प्रिय सुभद्रा,

केशवराव कुळकर्ण्यांना समोर बसवून हे पत्र लिहून घेते आहे. तिकडं तुझा भाऊ वाचून दाखवील. सासूनं सुनेशी दोन माणसांदेखत बोलायचं म्हणजे पंचाईतच. पण माझं तोंड आजवर कोणापुढं थांबलं, ते आता थांबेल! आषाढात बाळ गेलं तेव्हापासून तू अकोल्याला माहेरीच आहेस. न्यायला माणूस पाठवला की 'आत्ता नाही' एवढाच निरोप येतो. निदान तुझ्या माकडशिंगीची खबर तरी ऐक.

नरनाळ्याच्या डोंगरातून तू आणलेलं ते बिनपानांचं, नुसत्या चौकोनी हिरव्या बोटांचं झाड मला कधी आवडलं नाही, हे तुला ठाऊक आहे. पण बाळंतपणाला जाताना माझ्यावर सोपवून गेलीस. मला वाटलं, बिचारं मुरमात उपाशी मरतंय. आपली काळी माती घातली, शेणखत घातलं, रोज तांब्याभर पाणी. काळ्या मातीत काय येत नाही, हा आपल्याकडचा तोरा! आठ दिवसांत ते बुडाशी लिबलिबीत झालं आणि माझं धाबं दणाणलं. सडलेलं कापून टाकलं, उरलेली बोटं सावलीत सुकवली, फुटक्या माठात पुन्हा मुरूम भरून लावली. मग तांब्या हातात आला की स्वतःलाच शिव्या देत मागं फिरायची. जगलं गं बाई.

यंदा कापसाला सोन्याचा भाव आहे. समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई चालू आहे म्हणे. आपल्या वलगावच्या घरात मात्र चुलीपर्यंत कापूस भरला आहे. कार्तिकात एक दिवस घरात घाण सुटली. उत्तम म्हणाला, "माय, कापसात उंदीर मेला." सगळा कापूस अंगणात काढला, शिंकून शिंकून जीव गेला, पण उंदीर काही सापडेना. दमून ओसरीवर टेकले, तर तुझ्या झाडाला काळी-जांभळी फुलं आणि त्यांवर माशा! घाण त्यांचीच. इतकी वर्षं एक कळी धरली नाही आणि आता हा थाट. मी एकटीच हसत बसले. तू हवी होतीस.

दुसऱ्याच दिवशी आमच्या तानुबाई वन्सं जानरावांना घेऊन आल्या. त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. जानरावांनी स्वतःच्या मुलीची गोष्ट काढली, आपल्या उत्तमसाठी. वन्सं म्हणाल्या, "दोन लेकरं गेली तिची. अजून वाट कावून पाहाची?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उठले, माठ उचलला, झाडाला ऊन लागतं म्हणून जानरावांच्या अगदी नाकाशी ठेवला. जरा वेळानं त्यांनी उपरणं नाकाला लावलं. "काही मेलं काय वं इथं?" मी म्हटलं, "असंच येते आमच्या घरात. आमाले सवय झाली." गूळपाणीही न घेता उठले. केशवराव लेखणी ठेवून हसताहेत. त्यांचं हसून होऊ दे.

आता पत्र कशासाठी ते सांगते. फुलं काल सुकली. वन्सं जानरावांना माघात पुन्हा आणणार, तसा निरोप आला आहे, आणि तेव्हा ओसरीवर तू हवीस. कोणत्या तोंडानं यावं असं तुला वाटत असेल, तर ऐक. उत्तमच्या आधी माझीही दोन गेली, आणि मला कोणी माहेरी बसवलं नव्हतं. पुढं मूल होवो न होवो, माझी सून तूच. शुक्रवारी उत्तम गाडी घेऊन येतो आहे; मी सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहून काल आसाला वंगण घातलं. पोरी, बाळाचं तोंड मला पाहायला मिळालं नाही. रात्रंदिवस मनात येतं, कसं दिसत होतं, नाक कोणाचं होतं. तुझ्यावाचून कोणाला विचारू? घरी ये आणि मला सांग.

तुझीच,
आत्याबाई