मुंग्यांनी निवडलेली बाटली

लोणावळा, २ डिसेंबर १९७३

तीर्थरूप आबांच्या पायांवर रतनचा नमस्कार. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. थंडी बरीच आहे, पण आत्याने दिलेली गोधडी पुरते.

काल गेस्ट हाउसच्या मालकीणबाई खोरशेदबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की नाताळच्या जेवणाला मुंबईचे बारा पाहुणे येणार आहेत. ते जेवण नीट पार पडलं तर गेस्ट हाउसची मॅनेजर मी. नाही तर जानेवारीत मुंबईहून कोणी साहेब आणणार. आबा, मी मॅनेजर झाले तर कान्ह्याच्या दोन-तीन मुलींना इथे काम शिकवीन, हे मी ठरवूनच टाकलंय. बी.ए. झालेली घरातली पहिली मुलगी नुसती स्वतःपुरती शिकली, असं व्हायला नको.

अडचण एकच आहे. या मुंबईच्या लोकांत सणाच्या गोडाबरोबर आणि चीजबरोबर गोड वाइन देतात, आणि ती मी निवडायची आहे. बाईंच्या यजमानांनी गोव्याहून आणलेल्या तीन जातींच्या बाटल्या कपाटात आहेत. सगळं परमिटवरचं, कायद्यातलं. पण इथल्या पावसाळी हवेने लेबलं गळून पडली आहेत. बाईंना मधुमेह, त्या चाखत नाहीत. आचारी हनुमंत एका पायावर तयार आहे, पण त्याच्या हातात गेलेली बाटली परत येत नाही, असं बाई म्हणतात. उरले मी. तुमच्यापासून लपवून काही करायचं नाही, म्हणून विचारते, थोडी चाखून बघू का?

आत्याला नमस्कार. माया आहेच, ती राहू द्यावी.

तुमची रतन

कान्हे, ५ डिसेंबर

चि. रतनला आबाचा आशीर्वाद.

तुजं पत्र पावलं. भात झोडून झालं. म्हस याली, रेडी झाली.

वाडीतल्या दारूच्या भट्ट्या मी फोडल्या तवा तू माज्या मागं मडकी उचलत हुतीस. आता तूच चाखाया बसलीस म्हनल्यावर मी चावडीवर कुटं बसू? नोकरी कर, न्हाई म्हनत न्हाई. दुसऱ्याच्या पंगतीत काय वाढायचं ती त्यांची रीत. पन एक थेंब जिभेला लावलास तर पयल्या गाडीनं येऊन घिऊन जाईन. मुक्ताआत्या म्हनती, पोरीला लय भ्या दावू नका. मी भ्या दावत न्हाई, सांगून ठेवतोय.

जिवाला जप. पत्र धाडत जा.

आबा

लोणावळा, १० डिसेंबर

तीर्थरूप आबांना रतनचा नमस्कार. वि. वि.

थेंब लावला नाही आणि लावणारही नाही. पण काल माझी चांगलीच फजिती झाली.

खोरशेदबाईंनी रविवारी दोन पाहुणे बोलावून रंगीत तालीम केली. मी तिन्ही बाटल्या हुंगल्या. एकीला चिंचेच्या कोळासारखा आंबट वास येत होता. मी विचार केला, आपण पुरणपोळीबरोबर कटाची आमटी करतो, कारण गोडावर आंबट-तिखट हवं. मग पुडिंगबरोबर, म्हणजे त्यांच्या सणाच्या गोडाबरोबर, हीच. मोठ्या विश्वासाने वाढली. शेजारच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पुडिंगचा घास खाऊन घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला, की हनुमंत हसू दाबत स्वयंपाकघरात पळाला. डॉक्टर म्हणाले, जखम धुवायला हिचा उपयोग होईल.

बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. नाताळची एक संधी आहे, एवढंच म्हणाल्या. चीज तर अजून बाकीच आहे. ते निळ्या शिरांचं, खारट आणि उग्र वासाचं असतं. न चाखता मी काय करू? मॅनेजरचं स्वप्न सोडावं लागेल असं वाटतं.

आशीर्वाद असावा.

रतन

कान्हे, १३ डिसेंबर

चि. रतनला आशीर्वाद.

तुजं पत्र आत्याला वाचून दावलं. ती हसली, मग तू रडली असशील म्हनून तिनं डोळं पुसलं.

आगं, कामशेतच्या बाजारात जिलबी खाऊन वर चहा पेलीस तर चहा कसा लागतो? कडू. त्यात साखर असून कडू. तुज्या आंबट पान्याचं तेच झालं. मंजी खायाच्या गोडापरीस प्यायाचं गोड जादा पायजे. अन् ते खारट चीज म्हनतीस, तर आत्या खारातल्या मिरचीवर गुळाचा खडा खाती, तसंच काय आसंल. लय गोड नगं, बेताचं.

आता कंची किती गोड, ते न चाखता कसं कळायचं? दुपारी तीन बश्यांत चार-चार थेंब घालून खिडकीत ठिव अन् मुंग्या मोज. मुंग्यांनी काय शपथ घेतल्याली न्हाई.

मी दारूच्या कामात सल्ला दिला ही गोष्ट गावात कुनाला लिवू नगं.

आबा

लोणावळा, २६ डिसेंबर

तीर्थरूप आबांना आणि आत्याला रतनचा नमस्कार. वि. वि.

आधी बातमी सांगते: मी मॅनेजर झाले!

तुमच्या सांगण्याप्रमाणे तीन बश्या खिडकीत ठेवल्या. फजितीच्या बाटलीकडे एकही मुंगी फिरकली नाही. लाल बाटलीच्या बशीत पंधरा-वीस आल्या. तिसरीत, सोनेरी बाटलीच्या, बशीच दिसेना इतक्या. मग पुडिंगला सोनेरी, चीजला लाल. उरलेली हनुमंतने मटणाच्या रश्श्यात ओतली.

जेवणाला तेच डॉक्टर होते. त्यांनी आधी पुडिंगचा घास खाल्ला, मग माझ्याकडे बघत भीतभीत घोट घेतला. त्यांनी पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला. लाल वाइनवर तर चीज संपलंच. यातली मला कोणती आवडली, असं त्यांनी विचारल्यावर खोटं बोलवेना. मी म्हणाले, “मी पीत नाही. मुंग्यांना सोनेरी आवडली.” सगळं टेबल हसायला लागलं. खोरशेदबाईंना तर ठसका लागला. त्यांनी तिथेच सगळ्यांना सांगितलं, की मुंबईहून कोणी येणार नाही.

एक तारखेपासून काम सुरू. आपल्या वाडीतल्या गंगीच्या आईला विचारून ठेवा, गंगीला काम शिकायला इथे पाठवतील का.

असाच लोभ राहो.

तुमची रतन

कान्हे, ३० डिसेंबर

चि. रतनला आबाचा अन् आत्याचा लय लय आशीर्वाद.

तुजं पत्र चावडीवर वाचलं. मुंग्यांचं गाळनार हुतो, पन वाचून गेलो. केरबा पाटील म्हनला, मंजी कोंडाजी, पोरीला दारू तूच निवडून दिलीस. मी म्हनलो, व्हय, दिली, अन् पोरीनं चाखली न्हाई. गंगीची आई हा म्हनली.

पाकिटावर पयलं ‘मॅनेजर’ लिवलं. अक्षर मोठं झालं, मग तुजं नाव लिवलं. फुडं बापाचं म्हनून माजं नाव लिवाया जागाच ऱ्हायली न्हाई. पोस्टमास्तर म्हनला, दुसरं पाकीट घ्या. म्हनलो, ऱ्हाऊ दे, असंच जाऊ दे.

आबा