पंचवीस फ्रेमची फाइल

मास्तर, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. परवाच्या रविवारी तो पुन्हा वर आला, म्हणून लिहायला बसलो.

निघोज्याचा एक जण आला होता, चाकणच्या कंपनीत वेल्डर. सुट्टीच्या दिवशी शूटिंग करत त्याने दोन वर्षांत तासाभराचा सिनेमा केला आणि आपल्या थिएटरात रविवारी सकाळी दहाचा एकच खेळ ठरवला. हार्डडिस्क शनिवारी दुपारी आणून दिली. फाइल प्रोजेक्टरच्या सर्व्हरमध्ये उतरली, पण लावली की पडदा काळा. केबल बदलून तीनदा उतरवली, तरी तेच. मग सर्व्हरच्या नोंदीतली एकेक ओळ तपासत गेलो तेव्हा सापडलं. त्याची फाइल सेकंदाला पंचवीस फ्रेमची, नव्या पद्धतीने बांधलेली. आपला जुना सर्व्हर चोवीसचीच ओळखतो. फाइल बनवणाऱ्या लॅबकडून दुसरी यायला दोन दिवस लागणार होते. उरला मार्ग एकच, सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं. त्याचा पेनड्राइव्ह तुमच्या वेळेपासून कपाटात पडून आहे.

तुम्ही तो कधी लावू दिला नाहीत. मी विचारलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी लॉगबुक लिहितोय, तुम्ही प्रोजेक्टरची काच पुसताय. "मास्तर, अपडेट टाकू या का?" एवढंच विचारतो, आणि तुम्ही पेचकसाची मूठ माझ्या बोटांवर हाणता, तीही चहा घेऊन आलेल्या कँटीनवाल्यासमोर. "चालत्या मशीनला हात लावायचा न्हाई. दहावीला दोनदा बसून झालं, आता माझं मशीन नापास करतो व्हय रं? लॉगबुक शुद्ध लिहून पिच्चर चालत नसतो, लेखनिक!" कँटीनवाला इतका हसला की बशीत चहा सांडला. बोटांची सूज दोन दिवसांत उतरली. लेखनिक मात्र सगळं थिएटर मला अजून म्हणतं. तुमच्या तेराव्यालाही कुणीतरी म्हणालं, "लेखनिक, पत्रावळी वाढ."

रविवारी पावणेदहाला निम्मं थिएटर भरलं होतं. काही जण रात्रपाळी संपवून कंपनीच्या शर्टातच आले होते. फाइल लागत नाही हे कळताच वेल्डर धावत केबिनमध्ये आला. "भाऊ, काहीतरी करा ना. आई बीडवरून आलीय."

मी म्हणालो, "अपडेटला पासवर्ड लागतो. तो फक्त आमच्या मास्तरांना ठाऊक होता. कुणाला न सांगताच वारले."

"असला कसला माणूस, राव!"

ते ऐकून मला बरं वाटलं, मास्तर. फार बरं वाटलं.

खाली जाऊन त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. लोक उठले. त्याची आई तेवढी पहिल्या रांगेत बसून राहिली. "मंग कव्हा लावणार?" तिने विचारलं. तो म्हणाला, "आता नाही लागायचा, आई. चल." मी दारात उभा होतो. जाताना तिने मलाच नमस्कार केला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. थेरगावच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझं मनगट धरून पासवर्ड सांगितला होतात. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलात, लिहू दिला नाहीत. तो मला पाठ आहे. शनिवारी संध्याकाळी मी तो टाकलाही. स्क्रीनवर प्रश्न आला, पुढे जायचं का? मशीन बंद पडलं तर उद्याचे सगळे खेळ माझ्या अंगावर येतील, असा विचार करत मी पंधरा मिनिटं बसलो आणि 'रद्द' दाबलं.