पूर्णेच्या नावेचा खोळंबा

श्रावण वद्य पंचमी, सायंकाळ

बहिणीला, गंगूला, पलीकडच्या माहेराहून मलकापुरात आणून सासरच्या गाडीत बसवून द्यायचं म्हणून निघालो, तर दुपारभर पूर्णेच्या काठीच अडकलो. नाव समोर उभी, पण देशमुखांची घोडी तिच्यात पाय ठेवीना.

“आधी आम्हाले तं सोड,” मी नावाड्याला विनवलं.

“देशमुखाले टाकून कसा नेऊ, मास्तर?”

हा कुठला न्याय? एका घोडीपायी सगळा गाव ताटकळायचा? शेवटी घोडीला पोहवत नेलं, तेव्हा कुठे आम्ही निघालो. पलीकडे गंगू बोचकं घेऊन बसलेली. गाडीची वेळ टळून गेली होती. मी चडफडतच उतरलो.

“काऊन कावून राह्यला दादा? मले आजची रात मायपाशी भेटली.”

आता घरात मायलेकी हसताहेत. उद्या तिच्या सासऱ्यांची बोलणी खायची ती मी!