रोवनची फळं संपेपर्यंत

प्रिय डेस्मंड,

तुझे वॅक्सविंग पक्षी आलेत. माझ्या मागच्या दारी, रोवनच्या झाडावर, लाल फळं खात, चांगले वीसेक आहेत. डोक्यावर शेंडी, पंखांवर लाखेचे थेंब सांडल्यासारखे लाल ठिपके. तू सांगायचास अगदी तसेच. उभ्या नॉरफोकात जन्मभर तू यांच्यामागे धावलास आणि दरवेळी तू पोचायच्या आधीच ते उडून गेलेले असायचे.

आईच्या दफनविधीलाही तू उशिराच पोचलास. कुठल्याशा बेटावर पक्षी बघत होतास. कबरीपाशी सगळ्यांदेखत मी म्हणाले, "आता तुझी शवपेटीसुद्धा पक्षीच उचलतील!" तू टोपी घातलीस आणि चालू लागलास.

यंदा मेमध्ये पाकोळ्या आल्या, तेव्हा तुला फोन करावासा वाटला. ऑक्टोबरात रानहंस ओरडत घरावरून गेले, तेव्हाही वाटला. पण ते काय, तुझ्याही घरावरून जात असतील. म्हटलं, एवढ्यासाठी कशाला?

काल शेजारच्या मिसेस थर्टल कुंपणावरून ओरडल्या, "अगं एनिड, पत्र कसलं लिहीत बसलीस? फोन उचल की! पाखरं काय टपालाची वाट बघणार आहेत?"

"मला लिहिलेलंच बरं पडतं," मी म्हटलं. खरं म्हणजे तुझा आवाज ऐकून मी पुन्हा काहीतरी टोचून बोलेन, याची भीती वाटत होती. म्हणून एकेक वाक्य लिहीत, खोडत बसले.

आत्ता खिडकीतून पाहिलं. झाडावर एक फळ उरलेलं नाही, आणि ते गेलेत. आता तुला कशाच्या निमित्ताने फोन करू?

तुझ्याच वळणावर गेलेली बहीण,
एनिड