ह्यांचं घड्याळ विकायचं आहे

४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. पिटुकलीचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे 'स'ची पंचाईत झाली आहे. आईंचा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची होती. ह्यांचं घड्याळ मी विकायला काढलंय. तेच, अर्धं पोलादी, अर्धं सोन्याचं, निळ्या तबकडीचं. ह्यांना पाण्यातून वर काढलं तेव्हा मनगटावर ते चालूच होतं. नंतर कपाटात ठेवलं आणि बंद पडलं. हात हलला तरच ते चालतं. परवा आवरताना उचललं, तर टिकटिक सुरू! पिटुकलीने ते कानाला लावलं आणि बाबा आले म्हणत दारापर्यंत धावली. किती वेळ उंबऱ्यात उभी होती.

मला हे पुन्हा सोसणार नाही. घड्याळजींकडे ठेवून आलेय. रागावू नका, मायेचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची सून

११ जानेवारी

चि. सूनबाईस, अनेक आशीर्वाद.

सवयीने हात 'सौ.' लिहून गेला, म्हणून दुसरा कागद घेतला. त्याऐवजी जे लिहायचं असतं ते माझ्याच्याने लिहवत नाही.

घड्याळ विकू नकोस, इकडे पाठव. दादूने ते जुनं घड्याळ हौसेने आणलं तेव्हा मी त्याला चिडवलं होतं, की पाण्याखाली सोनं दाखवणार कोणाला, माशांना? तो म्हणाला, खाली किती वेळ झाला ते ही तबकडीभोवतीची फिरती कडी सांगते, मासे आपले फुकट बघतात. पोराचं तेवढं तरी माझ्याजवळ राहू दे. तुझी सासू मात्र म्हणते, तिचं तिला ठरवू द्या. हल्ली ती एवढंही क्वचितच बोलते.

तुझा लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

बाबा

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून घड्याळ परत आणायला गेले. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. तोही पाणबुड्याच, ह्यांच्याहून लहान. त्याने विचारलं, मालक विकायला राजी आहेत ना? मी म्हटलं, ते कामावर गेलेत. बाबा, इतकं सहज तोंडून गेलं! तो म्हणाला, मग संध्याकाळी आले की विचारून ठेवा, घाई नाही. तिथेच मला रडू कोसळलं. सगळं सांगितलं. तो घड्याळ खाली ठेवून उठला, म्हणाला, हे घरातच असू द्या.

पण मीच ते उचललं आणि त्याच्या मनगटावर बांधलं. तुमच्याकडे आलं असतं तर तुम्ही ते कानाशी धरून बसला असतात, मला माहीत आहे. त्याच्याकडे ते रोज खाली जाईल आणि रोज वर येईल.

तुमचा शब्द मोडला. पदरात घ्या.

तुमची सून

९ फेब्रुवारी

चि. सूनबाईस, अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो, खोटं कशाला सांगू? दोन घास गेले नाहीत. मग वाटलं, ते बांधताना तिथे तुझ्याजवळ आपलं कोणी नव्हतं. सुट्टीत दोघी इकडे या. पिटुकलीला पापा. आम्हा म्हाताऱ्यांना विसरू नकोस.

बाबा

ता. क. पत्र तुझ्या सासूला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग एवढंच विचारलं, त्या मुलाला आई आहे का? असेल तर त्याला म्हणावं, पाण्यातून वर आलास की आधी तिला कळवत जा.